तिसऱ्या ओळीतली फाईल

लिफ्टमध्ये दोनच माणसं असली की त्यांतल्या एकाला बोलल्यावाचून राहवत नाही, आणि त्या शनिवारी सकाळी दाढवाल्यांना राहवलं नाही. दाढवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. ते दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसतात, लोकांचे नंबर लावतात आणि आत खुर्चीत कोण किती मोठ्याने ओरडलं याचा वृत्तान्त संध्याकाळी इमारतीला देतात. तो चौथ्या मजल्यावरून खाली येत होता, ते दुसऱ्यावर आत शिरले, दार लागलं, आणि त्यांनी आपला आवाज आजाऱ्याच्या खोलीत काढतात तसा केला. "वहिनींचं कळलं," ते म्हणाले. "गाठ म्हटलं की माणूस हबकतोच. पण हल्ली सगळ्यावर औषधं आहेत. धीर सोडू नका." तो म्हणाला, "हो हो." एकदा म्हणून भागलं असतं, पण तो दोनदा म्हणाला, जणू महिनाभर हाच विषय घरात चालू आहे आणि आता त्यालाही त्याचा कंटाळा आलाय. मग पहिला मजला गेल्यावर त्याने विचारलं, "तुम्हाला कुठून कळलं?" दाढवाल्यांना हा प्रश्न फार आवडला. "अहो, तुमच्याच सर्व्हरवर! आमच्या पेशंटचा एक्स-रे शोधत होतो, तर शेजारी सगळ्या दवाखान्यांची यादीच उघडी. एका दवाखान्याच्या खोक्यात तिसऱ्या ओळीत वहिनींचं नाव. वय, आणि पुढे 'गाठ तपासणी'. फाईल नाही हं उघडली मी. तसला माणूस नाही मी." तळमजला आला. दाढवाल्यांनी त्याचा खांदा दाबला, दार धरून ठेवलं आणि त्याला आधी बाहेर जाऊ दिलं. ज्याच्या घरात आजारपण असतं त्याला लोक आधी बाहेर जाऊ देतात.

बसच्या थांब्यावर तो थांबला नाही, चालत सुटला. दोन मजल्यांच्या अंतरात अठ्ठावीस वर्षांचं लग्न असं कुणी खांद्याला धरून हलवून जावं, याचा त्याला संताप आला होता, आणि पहिल्यांदा आला तो संतापच, भीती नव्हे, हे लक्षात येऊन त्याचाही संताप आला. बायकोला गाठ आहे. दाढवाल्यांना माहीत आहे. ज्या माणसाला जगातली सगळी माणसं वरची दाढ आणि खालची दाढ अशीच दिसतात त्याला माहीत आहे, आणि नवऱ्याला नाही. तो गेल्या पंधरवड्यातले दिवस मागे मागे नेऊन उलगडू लागला. मंगळवारी ती बहिणीकडे म्हणून गेली होती. आली तेव्हा गळ्याभोवती ओढणी घट्ट होती. त्याने विचारलं होतं, हे नक्की. निदान वर बघितलं होतं. ती म्हणाली होती, "मान धरलीय." आणि तो म्हणाला होता, "उशी बदल." नुसतं म्हणून थांबला नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन मानेला बरी म्हणतात तसली, मधे खळगा असलेली उशी घेऊन आला होता. तिने ती उशी हातात धरली, तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि काही न बोलता ती कपाटावर ठेवून दिली. तेव्हा त्याला वाटलं होतं, रंग आवडला नसेल. आता भर रस्त्यात, एका चपलांच्या दुकानासमोर, त्या बघण्याचा अर्थ त्याच्या अंगावर आला. तिने का नाही सांगितलं? बहिणीला सांगितलं असेल, डॉक्टरला सांगितलं, सुई टोचून घेतली, फॉर्मवर सही केली. म्हणजे सगळ्या जगाला सांगून झालं आणि नवऱ्यासाठी मान धरल्याचं कारण शिल्लक ठेवलं. दुकानातल्या माणसाने विचारलं, "काय दाखवू?" तो म्हणाला, "काही दाखवू नका," आणि हे इतक्या तिरसटपणे म्हणाला की त्या बिचाऱ्याने हातातली चप्पल पाठीमागे लपवली.

तो ज्या कंपनीत काम करत होता तिचा धंदा मधल्या माणसाचा. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा रिपोर्ट तयार करून सर्व्हरवर ठेवत, दवाखाने ते तिथून उचलत. कंपनी रिपोर्ट लिहीत नसे, वाचत नसे, नुसती पोचवत असे. हा सर्व्हर त्याने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी उभा केला होता. प्रत्येक दवाखान्याला एक खोली. दवाखान्याने आपली ओळख पटवली की तो थेट आपल्या खोलीत यायचा, आणि गंमत अशी की त्याला ती खोलीच अख्खं घर वाटायची. भिंतीपलीकडे आणखी दीडशे खोल्या आहेत याचा पत्ताही नाही. त्याला ऑफिसात कुलूपकाका म्हणत ते याचमुळे. नव्या लोकांना तो पहिल्या दिवशी हेच सांगे, की या यंत्राचा एक धनी असतो, त्याला रूट म्हणतात, त्याला कुठलीही खोली बंद नसते, आणि तो धनी मी आहे, आणि अकरा वर्षांत मी एकही फाईल उघडलेली नाही. हे तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगे. पाहुणे "वा" म्हणत आणि चहाचा दुसरा कप घेत.

शनिवारी ऑफिस रिकामं असायचं. एसीची घरघर आणि कुणीतरी टेबलावर विसरलेल्या डब्याचा वास. त्याने कोट न काढताच सर्व्हरची मांडणी लिहिलेली फाईल उघडली. ज्याने कुणी ही भिंत पाडली असेल त्याला काय काय बोलायचं याची वाक्यं तो वाटेत जुळवून आला होता. त्यांतली दोन तर फारच चांगली होती. चौऱ्याण्णवाव्या ओळीवर तो थांबला. दवाखान्याला त्याच्या खोलीत कोंडणारी ती ओळ झोपवलेली होती. ओळीच्या आधी एक जाळीसारखं हॅशचं चिन्ह घातलं की सर्व्हर ती ओळ वाचत नाही. ती तिथेच असते, पण नसल्यासारखी. शेजारी टीप होती, "तात्पुरतं". खाली तारीख, बावीस दिवसांपूर्वीची. खाली आद्याक्षरं. आद्याक्षरं त्याचीच होती. जुळवून आणलेली दोन्ही वाक्यं त्याच्या तोंडातच राहिली.

आठवलं. शुक्रवार होता, घरी निघायची वेळ. हाडांच्या एका डॉक्टरांचे दोन दवाखाने होते आणि त्यांना एका जागी बसून दुसऱ्या जागचे रिपोर्ट बघायचे होते. त्याने सांगितलं होतं, होईल, पण नीट करायला दोन दिवस लागतील. साहेबांनी टेबलावर येऊन सांगितलं होतं, "काका, मोठं मन करा. सगळ्यांना सगळं दिसू द्या दोन दिवस." तो नाही म्हणाला. साहेब पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात गाडीची चावी होती आणि ती ते बोटावर फिरवत होते. त्या चावीचा आवाज त्याला असह्य झाला. त्याने एक चिन्ह टाकलं, दोन परवानग्या सैल केल्या, "तात्पुरतं" असं लिहिलं. लिहिलं की पाप अर्धं होतं असं त्याला वाटलं असावं. सोमवारी त्याला सर्दी झाली. मंगळवारी तो विसरला. एका चिन्हाने दीडशे दवाखान्यांतल्या सगळ्या गाठी, सगळी दुखणी, सगळ्या बायका आपापल्या नावावयानिशी एकाच पटांगणात आणून बसवल्या, आणि त्यांतली एक त्याची होती.

त्याने साहेबांना फोन लावला. पलीकडे मुलांचा गलका होता. "काका, शनिवारी कशाला हात लावता त्याला?"

"साहेब, दातांच्या दवाखान्याला गाठींचे रिपोर्ट दिसतायत."

"दिसत असतील. वाचतंय कोण? लोकांना स्वतःचे रिपोर्ट वाचायला वेळ नसतो."

"माझ्या शेजाऱ्याला आहे."

"कुणाची तक्रार आलीय? लेखी?"

बायकोचं नाव त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. ते सांगणं म्हणजे यादी साहेबांसमोरही उघडणंच होतं. "तक्रार माझी आहे," तो म्हणाला.

"मग तुमच्याकडेच द्या की!" साहेब हसले. "तुम्हीच निकाल लावा. पण सोमवारी हाडवाले माझ्या अंगावर आले तर त्यांच्यासमोर उभे तुम्ही राहायचं. कबूल?" फोन बंद झाला. साहेबांना नंतर आठवलं नसतं की त्यांनी परवानगी दिली होती. पण दिली होती.

कामाला हात घालण्याआधी त्याने यादी मागवली. कामासाठीच, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि यादी लांबलचक असताना नेमक्या तिसऱ्या ओळीवर त्याची नजर जाऊन बसली. नाव, वय, गाठ तपासणी, गुरुवारची तारीख. लग्नाच्या वेळी पत्रिकेत बघितलं होतं त्यानंतर तिचं अख्खं नाव त्याने छापील अक्षरांत क्वचितच पाहिलं असेल. किती लांब होतं ते. दोन कळा दाबायच्या. तो धनी आहे. आणि नवरा आहे. नवऱ्याला हक्क असतो, निदान असावा. नसेल तर मग अठ्ठावीस वर्षं काय नुसता भाडेकरू म्हणून काढली? त्याचे वडील टपाल वेगळं करायच्या खोलीत काम करत. पोस्टकार्ड म्हणजे उघडं पत्र, कुणीही वाचावं असंच लिहिलेलं. पण वडील प्रत्येक कार्ड पत्त्याची बाजू वर करून हातात घेत, आणि उलटं पडलेलं दिसलं तर नजर बाजूला करून बोटाने पालथं करत, एखाद्याच्या अंगावरचं पांघरूण सरकलेलं असावं तसं. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याने वडिलांच्या टेबलावरचं एक कार्ड वाचलं होतं. कुणीतरी कुणालातरी लिहिलं होतं की मी आता येणार नाही, वाट बघू नकोस. त्याला काही कळलं नाही, म्हणून त्याने ते मोठ्याने वाचून विचारलं, येणार नाही म्हणजे कुठे? खोलीतली सहा माणसं हसली. वडील हसले नाहीत, मारलंही नाही. त्यांनी ते कार्ड घेतलं आणि पुढचे दोन दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्या साऱ्या सचोटीची मुळं त्या दोन दिवसांत होती, हे त्याला माहीत होतं. तत्त्व वगैरे नंतर आलं. आधी ती शांतता आली. पण आज वडिलांचाही राग आला. पत्त्याच्या बाजूवर स्वतःच्याच घराचा पत्ता असेल तर काय करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

त्याने फाईल उघडली नाही. तिला सांगायचं नसेल तर मीही बघणार नाही, असं तो मनाशी म्हणाला, आणि त्यात मोठेपणा किती आणि रुसवा किती हे तपासायला तो थांबला नाही. त्याने चिन्ह पुसलं, ओळ जागी केली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि सर्व्हरने एकजात सगळ्यांना बाहेर काढलं. तो क्षणभर चक्रावला आणि मग त्या दिवशी पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. या यंत्राचा हा एक हट्ट तो विसरला होता: ज्या खोलीचा उंबरठा दुसऱ्या कुणालाही हलवता येतो, त्या खोलीत ते कुणालाच घेत नाही, खुद्द खोलीवाल्यालाही नाही. सैल केलेल्या परवानग्या अजून सैलच होत्या. निदान एकाला तरी अजून लाज आहे, तो पुटपुटला, आणि एकेक उंबरठा घट्ट करत बसला. एवढ्यावर थांबला असता तर काम झालं होतं. पण संतापाला एवढं पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने एक पक्की योजना करून ठेवली होती. प्रत्येक दवाखान्याकडून एक उघडी किल्ली मागवून घेतली होती, जिने फक्त कुलूप लावता येतं. ते काढायची किल्ली दवाखान्यातच राहते, बाहेर येतच नाही. प्रत्येक रिपोर्टला त्याच्या दवाखान्याचं कुलूप घालायचं आणि मूळ प्रत पुसून टाकायची. मग भिंत पडो, दार उघडं राहो, वाचता कुणालाच येणार नाही. धन्यालाही नाही. चाचणी झाली होती, साहेब "बघू" म्हणाले होते. अडीच वाजता त्याने आज्ञा दिली. पडद्यावर नावं वर सरकत गेली, एकेक बंद होत गेली. तिचंही गेलं. नावाच्या जागी अक्षरांचा आणि आकड्यांचा एक निरर्थक पट्टा आला. आता दाढवाल्यांनी लिफ्ट धरून ठेवावी दिवसभर. तो पाठ टेकून बसला आणि त्याला, बऱ्याच वर्षांनी, आपण उंच आहोत असं वाटलं.

घरी जाताना त्याने ठरवलं की विचारायचं नाही. तिला हवं तेव्हा ती सांगेल, आणि सांगेल तेव्हा आपण समजूतदारपणे ऐकू. ती खिडकीपाशी कपडे घड्या करत बसली होती. त्याने चेहऱ्यावर समजूतदारपणा आणला. तो नेमका कुठे आणायचा असतो हे माहीत नसल्यामुळे बहुधा तो सगळा भुवयांत गोळा झाला.

"काय झालं? पोट बिघडलंय?" ती म्हणाली.

"नाही. काही नाही. तू बोल."

"मी काय बोलू?" तिने एक टॉवेल असा झटकला की खिडकीवरचं कबूतर उडालं. मग आणखी एक झटकला. तो शेजारी बसला आणि समजूतदारपणे एका मोज्याची जोडी शोधू लागला. बाहेर उजेड कलला होता आणि समोरच्या इमारतीच्या काचा एकेक करून पिवळ्या होत होत्या. तिच्या गळ्याभोवती ओढणी होती. तिने मोजा त्याच्या हातातून काढून घेतला.

"किती दिवस असं करणार आहेस तू?"

"कसं?"

"असं. गप्प. गुरुवारपासून बघतेय मी. गुरुवारी वाटलं, धक्का बसला असेल. शुक्रवारी म्हटलं, शब्द जुळवत असेल. आज सकाळी तर शीळ घालत दाढी केलीस. अरे, जे काय आलंय ते चांगलं असो, वाईट असो, माणूस तोंड उघडतो की नाही?"

"काय आलंय?" त्याने विचारलं. 

"माझा रिपोर्ट." ती त्याच्याकडे बघत होती. "मला तोंडाने सांगता येईना. दोनदा आले होते सांगायला, तू उशी घेऊन आलास. तो दवाखाना मी मुद्दाम शोधून काढला. दारावर तुमच्या कंपनीची पाटी होती म्हणून. म्हटलं, जाईल तुझ्यासमोरून. तू वाचशील, घरी येशील, आणि मला काही बोलावंच लागणार नाही."

"मी फायली वाचत नाही," तो म्हणाला. आवाज स्वतःलाच बारीक वाटला. "तुला माहीत आहे. अकरा वर्षांत एकही—"

"माहीत आहे! सगळ्यांना सांगतोस. माझ्या मामेबहिणीच्या सासऱ्यांनाही सांगितलंस." ती थांबली. तिचा राग क्षणभर गोंधळल्यासारखा झाला. "मला वाटलं, ते नुसतं सांगायचं असतं."

मोजे, टॉवेल, उशांचे अभ्रे त्यांच्यामध्ये ढीग घालून पडले होते. चूक कुणाची ते त्याला ठरवता येईना, आणि चूक सापडत नाही असा राग त्याने आधी कधी अनुभवला नव्हता. तो त्याच्या छातीत येरझाऱ्या घालत राहिला.

"बरं," ती म्हणाली. "नाही वाचलंस. आता वाच. इथून दिसतं ना तुला? आण तुझा लॅपटॉप."

"आता उघडत नाही."

"आता म्हणजे?"

"सगळ्या फायलींना कुलपं घातली. आज. दवाखान्याशिवाय कुणालाच नाही उघडत. मलाही नाही. दवाखाना सोमवारी सकाळी उघडेल."

"आज किती वाजता?"

"अडीचला."

"आणि दोनला उघडली असती?"

"दोनला उघडली असती," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

 मग ती हसली, पण ते हसणं अर्ध्यावरून परत फिरलं आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. तिने हातात आला तो अभ्रा घेऊन डोळे खसखसून पुसले. "दीडशे दवाखान्यांतली माणसं तू सांभाळलीस," ती म्हणाली. "सगळ्यांना भिंती दिल्यास. आणि एक बाई म्हणत होती की बाबा रे, माझं वाच, तर तिच्यावरही कुलूप. शाबास." यावर द्यायला त्याच्याकडे बरीच उत्तरं होती, बहुतेक सगळी बरोबर होती. ती जिभेवर येऊन रांगेत उभी राहिली, आणि त्याने ती परत पाठवली. सकाळपासून त्याने दाढवाल्यांना प्रश्न विचारला होता, साहेबांना सांगितलं होतं, सर्व्हरला तर तीनशे वेळा काही ना काही विचारलं होतं. तिला काहीच विचारलं नव्हतं. गेल्या पंधरवड्यातही नाही.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"गाठ. कुठे आहे?"

 मग तिने ओढणी सोडली, केस एका बाजूला घेतले, त्याचा हात मनगटाशी धरला, एखादं भांडं उचलून नेमक्या जागी ठेवावं तसा नेला आणि त्याची दोन बोटं डाव्या कानाखाली ठेवली. "इथे. अशी नाही, दाब जरा. घाबरतोस काय?" त्वचा गरम होती. आधी काहीच लागलं नाही, नुसती मान. अठ्ठावीस वर्षांची ओळखीची मान. मग बोटाखालून ती सरकली, वाटाण्याएवढी, कडक, आणि परत आपल्या जागी आली.

"दुखते?"

"नाही. त्याचाच तर राग येतो."

"कधीपासून आहे?"

"मध्ये बोलणार नसशील तर सांगते. आणि 'डॉक्टरला लगेच का नाही दाखवलंस' हे विचारलंस तर उठून जाईन."

 त्याने बोटं तिथेच ठेवली. ती बोलू लागली तशी मान त्याच्या बोटांखाली थरथरू लागली, आणि ती रागाने, शब्दन् शब्द तोडत, अगदी पहिल्या दिवसापासून सगळं सांगू लागली.